पहिली फेरी

गोदामाचं दार आतून बंद होतं आणि बाहेर थोडी माणसं ताटकळत उभी होती. त्यातली निम्मी शेजारच्या सोफ्यांच्या सेलला आलेली, चुकून इकडे वळलेली. मुलगी त्यांच्यातच उभी होती, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. आत तिचे वडील टेबलाखाली आडवे पडून कुठला तरी स्क्रू पिळत होते.

खेळण्यातल्या आगगाड्या जमवणाऱ्या या मंडळींच्या वार्षिक प्रदर्शनाची एक रीत होती. प्रत्येकानं आपलं टेबल घरून आणायचं, त्यावरचे रूळ शेजाऱ्याच्या रुळांना जोडायचे आणि सगळ्यांचं मिळून एक वर्तुळ झालं की गाडी सोडायची. ती न पडता एक फेरी पुरी करेल तेव्हाच दार उघडायचं. तोवर लोक बाहेर. भर वस्तीतल्या शाळेचा हॉल होता तेव्हा लोक थांबायचेही. मग शाळेनं नाही म्हटलं, वाचनालयानं तळघर दुरुस्तीला काढलं, आणि प्रदर्शन सरकत सरकत इथे आलं, शेवटच्या बसथांब्याच्याही पलीकडे. इतक्या लांब आलेल्या माणसाला दारात उभं करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं मुलीचं मत होतं. दर वर्षी ती ते ऐकवायची. वडील हात वर करायचे. बोलण्याआधी हात वर करायची त्यांची सवयच होती. मंडळात त्यांना सगळे सिग्नल म्हणत.

"पाहुण्यांसमोर गाडी पडलेली बरी दिसत नाही गं," ते म्हणायचे.

दार उघडलं तेव्हा बाहेर दोघंच पाहुणे उरले होते. वडील शर्टाची धूळ झटकत बाहेर आले, दोघांची माफी मागितली आणि मुलीला हळूच विचारलं, बाकीची कुठे गेली. ती म्हणाली, सोफे बघायला. ते तडक शेजारी गेले आणि सोफ्यावर टेकून भाव विचारत असलेल्या एका बाईंना खरोखरच उठवून घेऊन आले.

परतताना गाडीत तिनं कोऱ्या फळ्यांचा विषय काढला. ज्यांची टेबलं येत नाहीत त्यांच्या जागी नुसते रूळ ठोकलेली फळी बसवायची पद्धत होती, आणि यंदा वर्तुळात फळ्या बऱ्याच दिसत होत्या. त्यातले काही जण हयात नाहीत हे तिला ठाऊक होतं. तरी कुणी विचारलं की मंडळाचे प्रमुख, दातांचे डॉक्टर, शांतपणे सांगायचे, त्यांना या खेपेला जमलं नाही.

"आमच्यात कुणी मरत नाही," वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले. "फक्त जमत नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसले. ती पुढच्या ट्रकला मागे टाकायला फट शोधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

फोन सगळे भावानं केले. ऑफिसात तिनं सांगितलं, घरी जरा अडचण होती. इस्त्रीवाल्यानं बाबांचे शर्ट मागितले तेव्हा म्हणाली, सध्या नकोत. तो एक शब्द ओठांपर्यंत यायचा आणि ती भलतंच काही बोलून मोकळी व्हायची. सुट्टीच्या दिवशी घरात तिचा पाय ठरत नसे. मागच्या खोलीत वडिलांचं टेबल होतं. ती उंबऱ्यापर्यंत जायची, तिथूनच वळायची. पुढच्या वर्षीचं प्रदर्शन जवळ आलं तसं डॉक्टरांनी फोनवर चाचरत विचारलं, टेबल आणशील का? बघते, म्हणाली, आणि त्या दिवशी रिकाम्या हातानं गेली.

यंदाची जागा म्हणजे बस डेपोतलं बंद पडलेलं कँटीन. वाट मागच्या बाजूनं, पाटीवरचा बाण थेट भिंतीकडे. तरीही माणसं आली होती, तुरळक. दार बंद. काचेतून तिला दिसलं, मंडळातले शिंपीकाका गुडघ्यांवर बसलेत, सिग्नलच्या टेबलाच्या जागी नवी कोरी फळी आहे, आणि गाडी नेमकी तिथेच घसरते आहे. फळी केसभर खाली बसली होती. काकांनी पुठ्ठ्याचा तुकडा सारला. गाडी पुन्हा आली, पुन्हा पडली. मुलगी दारापासून फाटकापर्यंत गेली, परत आली, परत गेली. एकानं घड्याळ बघितलं आणि चालू लागला. मग एक जोडपं निघालं.

दार किलकिलं झालं. डॉक्टर बाहेर आले, अगदी थोडं थांबा म्हणाले.

"कुणी यायचंय का अजून?" एका बाईंनी विचारलं. "कुणासाठी अडलंय?"

"आमच्या एका सभासदाला जमलं नाही या खेपेला," डॉक्टर मुलीकडे न बघता म्हणाले. "त्यामुळे जरा..."

"जमलं असतं तर ते आले असते," मुलगी म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. बाई वळून बघू लागल्या. फाटकाशी पोचलेलं जोडपंही थबकलं.

डॉक्टरांचा हात दाराच्या मुठीवर होता. तिनं त्यावर हात टेकला आणि दार आत लोटलं. आत शिंपीकाका इंजिन उलटं धरून तसेच बसून राहिले.

"माझे बाबा गेले," ती म्हणाली. "गाडी अजून पडतेय. पण तुम्ही आत या."