काल्यातली काकडी

काल्याचं कीर्तन संपलं आणि बुवा परातीतला दही, लाह्या, काकडीचा काला वाटू लागले. जिभेला हवी ती चव देणारी चवपट्टी लावलेली मुलं एकमेकांना विचारत होती, "तुला काय लागलं?" कुणाला पिझ्झा लागला होता, कुणाला चॉकलेट. पट्टी आल्यापासून मुलं फळं-भाज्या निमूट खात, आयांची कटकट मिटली होती.

टाळकरी वासुदेवाला मात्र आपलं लहानपण आठवलं. काकडी त्याला डोळ्यांसमोर नको असे. पण एकदा काल्यात त्याच्या मित्राने, गंग्याने, ती त्याच्या तोंडात कोंबली, आणि तेव्हापासून ती त्याला गोडच लागत आली.

उद्या त्याच्या लेकीला, रेवतीला, तेरावं वर्ष लागणार होतं आणि नियमाप्रमाणे शाळेत पट्टी कायमची बसणार होती.

"बाळा, आज एक घास पट्टीशिवाय खा."

"बाबा, तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत तिने पट्टी काढली, घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "काकडी कडू आहे."

वासुदेवाने तिच्याच हातातली फोड चाखली. "हो गं, कडूच निघाली."

कितीतरी दिवसांनी दोघांना एकच चव लागली होती. रेवतीला हसू फुटलं. उरलेली फोड घेऊन ती मैत्रिणीकडे वळली.

"शर्वरे, आ कर. आणि आधी ती पट्टी काढ."