श्वासावरचा सॅक्सोफोन

दुपारी जुई झोपली की शाल्मली तिच्या छातीवर टिकलीएवढं यंत्र चिकटवायची, दार ओढून घ्यायची आणि हॉलमध्ये सॅक्सोफोनचा अल्बम लावायची. आत लेकीचा श्वास जसा चालेल, तसा बाहेर सॅक्सोफोन वाजायचा. श्वास संथ, तर सूरही सायीसारखे मऊ.

"सुखी आहेस बाई," फोनवर ताई म्हणाली. "आम्ही सारखं उठून पोरांच्या नाकाशी बोट धरायचो. तू आपली पाय पसरून जॅझ ऐक!"

शाल्मलीने फोन ठेवला. कॉलेजात असताना याच अल्बमवर तिचा जीव होता. आता सूर कानावरून नुसते निघून जायचे, तिचं लक्ष असायचं ते दोन सुरांमधल्या जागांकडे. नवरा बोटीवर, घरात बोलायला दुसरं माणूस नाही.

मध्येच सॅक्सोफोन थांबला. या आठवड्यात असं दोनतीनदा झालं होतं, आणि प्रत्येक वेळी ती धापा टाकत पोचली तर जुई डोळे मिटून शांत पडलेली. आज मात्र ती दाराशीच होती. तिने दार ढकललं.

तीन वर्षांची जुई टक्क जागी होती. गाल फुगवलेले, नाक चिमटीत धरलेलं. आईला पाहताच तिने भस्सकन श्वास सोडला आणि बाहेर सॅक्सोफोन पुन्हा वाजू लागला.

"अगं, असं का करतेस? जीव गेला ना माझा!"

"असं केलं की तू येतेस," जुई म्हणाली आणि सरकून तिने उशीवर आईपुरती जागा केली.