गुरुवारची सहा गिऱ्हाईकं

गुरुवारची सकाळ नऊपासून बारापर्यंत भरलेली होती. नोलीनने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून सलूनच्या नोंदी पुन्हा पाहिल्या. अर्ध्या अर्ध्या तासाच्या सहा वेळा, सहाही कुणी ना कुणी घेतलेल्या. पाच नावं ओळखीची होती. सहाव्याने नावाच्या जागी नुसता ठिपका दिला होता. सगळ्यांनी एकच काम नोंदवलं होतं: कपाळावरच्या बटा कापणे. यादीतलं सगळ्यांत स्वस्त काम तेच. आणि पहिलं नाव होतं मर्व्ह टकेटचं. मर्व्हच्या डोक्यावर वीस वर्षांत एक केस उगवला नव्हता.

बायको होती तोवर मर्व्ह दर गुरुवारी तिला नोलीनच्या सलूनमध्ये घेऊन यायचा. ती गेली, तरी तो येतच राहिला. सोफ्याचं डावं टोक त्याचं. तिथे बसून तो शब्दकोडं सोडवायचा आणि अडला की शेजारी गप्पा मारायला येऊन बसणाऱ्या कोरलला विचारायचा. कोरल उत्तर माहीत असूनही त्याला जरा ताटकळत ठेवायची.

मागच्या वर्षी मात्र सलून बंद पडायची वेळ आली होती. गव्हाच्या शेतांमधलं एवढंसं गाव. तरुण बाया तासभर गाडी हाकत मोठ्या गावात जाऊन केस कापून यायला लागल्या होत्या. तेव्हा कौन्सिलने छोट्या दुकानदारांसाठी एक सल्लागार पाठवला. डॅरेल त्याचं नाव. पन्नाशीचा, शांत माणूस. दोन दिवस तो वही घेऊन सोफ्यावर बसून राहिला. कोरलने दिलेला केक त्याने खाल्ला, फुटबॉलवरचा वाद ऐकला, कोड्यातले दोन शब्दही सांगितले. मग वही मिटली.

“दोन दिवसांत एकोणीस माणसं आली. केस सात जणांनी कापले,” तो म्हणाला. “नोलीन, ज्याला केस कापायचेत त्याला इथे बसायला जागाच नाही.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. हल्ली लोक रात्री मुलं झोपली की मोबाइलवर वेळ ठरवतात, पैसेही तेव्हाच भरतात, हे त्याने तिला समजावून सांगितलं. सोफा काढा आणि तिथे शाम्पूचं कपाट लावा, असंही सुचवलं. नोलीनने सगळं ऐकलं. सोफा चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेला.

आणि सलून खरोखरच सावरलं. शेतांवरच्या बाया परत आल्या. शाम्पूच्या बाटल्या खपायला लागल्या. सुगीपर्यंत नोलीनने नवी खुर्चीसुद्धा घेतली. तिने डॅरेलला फोन करून मनापासून आभार मानले.

फक्त, आता एक बाई यायची आणि एक जायची. येणारी मोबाइलमध्ये बघत बसायची. मर्व्ह आणि कोरल कधीमधी काचेतून डोकावायचे, हात करायचे आणि पुढे जायचे. दुपारी डबा खाताना नोलीन रेडिओवरच्या माणसाशी बोलायला लागली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी बरोबर नऊला मर्व्ह आत आला. त्याच्या काखेत मासेमारीला न्यायची घडीची खुर्ची होती.

“मर्व्ह, मी तुझं कापू तरी काय?”

“ते तू ठरव. पैसे भरलेत मी.” शाम्पूच्या कपाटाशेजारी खुर्ची उघडून तो ऐसपैस बसला.

पाच मिनिटांत कोरल आली. तिच्याही हातात खुर्ची, दुसऱ्या हातात केकचा डबा. नोलीनने तिला बजावलं की तुझी वेळ साडेनऊची आहे. कोरल म्हणाली, उशीर केला तर पैसे बुडतात असं तुझ्या मोबाइलवर लिहिलंय, म्हणून जरा लवकर आले. तिच्यामागून उरलेले तिघं आले. खुर्च्या खडखडत उघडल्या. कुणीतरी विचारलं की किटली कुठे ठेवलीस. मर्व्हने खिशातून पेन्सिल काढली.

नोलीन हातात कंगवा घेऊन मधोमध उभी होती. हसू आवरता आवरता तिचे डोळे भरून आले. यांच्यातल्या कुणालाच मोबाइलवर धड फोनसुद्धा लावता येत नव्हता, हे तिला तेव्हा आठवलं.

“वेळा घ्यायला शिकवलं कुणी तुम्हाला? आणि डॅरेलला कळलं तर तो काय म्हणेल मला?”

सगळे दाराकडे बघायला लागले.

दारात डॅरेल उभा होता. वही नव्हती. नवी कोरी घडीची खुर्ची होती, तिच्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून तशीच.

“साडेअकराची वेळ माझी आहे,” तो ओशाळून म्हणाला. “इथे दोन दिवस बसलो ना, तेव्हापासून मला दुसरीकडे कुठे करमतच नाही.”