पहिली वाचक

शहाडच्या धोंडेकरांनी स्वखर्चानं छापलेल्या कादंबरीवर दहा वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता. नातीनं मोबाईलमध्ये एआय टाकून दिलं तसा त्यांनी पहिलाच प्रश्न आपल्या कादंबरीबद्दल विचारला. उत्तर क्षणात आलं, "नायिका उल्हास नदीत बुडते, तो शेवट काळीज चिरून जातो." धोंडेकर खो-खो हसले. त्यांची नायिका शेवटी शीळफाट्याला खानावळ काढून चांगली गुटगुटीत होते. न वाचताच ठोकून देतंय बेटं! गंमत सांगावी म्हणून बायकोला हाक मारली. पुस्तक तिलाच अर्पण केलेलं, 'माझ्या पहिल्या वाचकास'. त्यांनी उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढे काही बोलायच्या आत तिनं पदर डोळ्यांना लावला. "खरंय हो. तिथे तर मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं." धोंडेकरांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "तिला बुडवताना मलाही फार जड गेलेलं."