पहिलंच ‘माहीत नाही’

“डॉक्टर, हा आजार कशामुळे होतो हेच तुम्हाला माहीत नसेल, तर गोळ्या कशाच्या जोरावर देता?”

हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं मी! आईने टेबलाखालून माझा पाय दाबला.

पण मी तरी काय करू? स्नायूंना सूज आल्यापासून मला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही, आणि कारण मात्र घरात प्रत्येकाला माहीत आहे. आत्या म्हणते, चायनीज भेळ. बाबा म्हणतात, मोबाईल. आई तर रोज संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढते. डोकं फिरायची वेळ आलीय नुसती!

डॉक्टरबाई हसल्या. “गोळ्यांनी सूज उतरते, एवढं माहीत आहे. ती मुळात का येते, ते खरंच माहीत नाही. तेच शोधतेय मी. उद्या तपासणीसाठी तुझ्या मांडीतून स्नायूचा बारीक तुकडा काढणार आहोत. त्यातला थोडा संशोधनासाठी मागितला, तर आईबाबा नको म्हणाले.”

“आधीच पोर अशक्त,” आई पुटपुटली. “त्यात हे प्रयोग कशाला?”

इतक्या महिन्यांत ‘माहीत नाही’ म्हणणारं हे पहिलंच माणूस! माझा त्यांच्यावर एकदम विश्वासच बसला. टेबलावरचा संमतीचा फॉर्म पुढे ओढून मी पेन शेजारी बसलेल्या बाबांच्या हातात दिलं.

“तुकडा द्यायचा, माझं ठरलंय. बाबा, सही करा. आणि आई, आजपासून मोहऱ्या फक्त फोडणीत!”