सख्खा मामा

मैत्रिणीला तिच्या मामानं सायकल आणली, तेव्हा लेकीनं विचारलं, "आई, मला मामा नाही?"

शिलाई मशीनवर वाकलेल्या आईनं मान वर न करता खिडकीकडे बोट दाखवलं. "तो काय, चांदोमामा!" सख्ख्या भावाशी तिनं अबोला धरला, तेव्हा लेक पोटात होती.

लेकीला तेवढा मामा पुरला. चंद्र दिसला की ती खिडकीत जाऊन त्याला पडलेला दात दाखवायची, बाईंच्या कागाळ्या सांगायची. एका संध्याकाळी आईच्या कानावर आलं, "मामा, तू आईचा भाऊ ना? मग तिच्याशीपण बोल की. तिला कुणीच नाहीये."

मशीन थांबलं. आईनं फोन लावला. "दादा..." एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारात दादा उभा, घामाघूम.

"हा तुझा मामा," आई म्हणाली.

लेकीनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "मामा, तू आज दिवसा कसा काय उगवलास?"

तिला कडेवर घेत, बहिणीकडे बघत तो म्हणाला, "तुझ्या आईनं हाक मारायचाच अवकाश होता गं."