राहिलेली पायरी

"हिला विचारून सांगतो," फ्रेमवाला म्हणाला आणि पडदा सारून आत गेला.

मुकादम पायरीवरच टेकला. गुडघे कुरकुरत होते. समोर खणलेला रस्ता, फरश्यांच्या थप्प्या आणि ब्रेकरचा असा आवाज, की दुकानातल्या काचा थरथरत होत्या. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या पायऱ्या काढू दिल्या होत्या, कुणी हसत, कुणी शिव्या देत. आता दारोदार सपाट फूटपाथ आणि हलका उतार. म्हातारी माणसं, पोरांच्या ढकलगाड्या, कुणालाच कुठे अडखळायला नको, असं साहेबांचं म्हणणं. घोडं अडलं होतं ते फ्रेमवाल्यापाशी.

तो बाहेर आला. "नाही म्हणते."

"काल पण नाहीच म्हणाल्या."

"तिची पायरी आहे ती. इथं बसून भाजी निवडायची. मी काय बोलणार?"

"बायकोपुढं कोण बोलतं, दादा! पण उतार झाला तर तुमचंच गिऱ्हाईक वाढेल."

"रस्ता सोपा झाला की माणसं लांब जातात," फ्रेमवाला म्हणाला आणि काच पुसायला लागला. मघापासून तो तीच काच पुसत होता.

मुकादम उठून निघाला तशी समोरच्या इस्त्रीवाल्या बाईनं हाक मारली.

"कुणाला विचारतो म्हणाला? बायकोला?" तिनं आवाज खाली आणला. "अहो, दोन वर्षं झाली, पहाटे ॲम्ब्युलन्समधून नेली तिला. परत आलेली काही मी पाहिली नाही. डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. तुम्ही आपली पायरी फोडा आणि मोकळे व्हा."

मुकादम फरश्यांच्या थप्प्यांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान नीट पाहिलं. भिंतीवर उंच जागी एका तरुण बाईचा हसरा फोटो, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या फ्रेममध्ये. गल्ल्याशेजारी चहाचे दोन कप. आतल्या दाराची चौकट खाली दोन्ही बाजूंनी घासलेली. लाकडाची ने-आण करून झाली असेल. फ्रेमवाला हातातलं काम टाकून पडद्याकडे वळला. "आलो गं," तो म्हणाला.

संध्याकाळी घराचं कुलूप काढताना मुकादमही हेच म्हणायचा. मुलगा एकदा म्हणाला होता, "बाबा, कुणाशी बोलता?" तेव्हापासून मुलगा आला असेल तर तो मनात म्हणायचा.

आतून काय उत्तर येतं ते ऐकायला मुकादम थांबला नाही. त्याच्या घरी कधी येत नसे.

साहेब पाहणीला आले तेव्हा तो म्हणाला, "त्या पायरीखालून जुना पाइप गेलाय साहेब. हात लावला तर फुटेल."

"नकाशात नाही तो."

"नकाशात बरंच काही नसतं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मुकादम त्यांच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. "राहू दे मग," ते वैतागून म्हणाले. "एका पायरीनं कुणाचं काय अडतंय!"

पायरीभोवतीच्या फरश्या मुकादमानं स्वतः बसवल्या. वर उडालेलं सिमेंट ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

"राहिली तुमची पायरी," त्यानं सांगितलं. "वहिनींना सांगा."

फ्रेमवाल्यानं त्याचा हात घट्ट धरला. डोळे भरले होते, पण तो वर बघेना. "सांगतो," एवढंच म्हणाला.

काम संपलं. सामान टेंपोत चढलं. गल्ली ओळखू येत नव्हती. बाकांवर माणसं बसली होती, इस्त्रीवाल्या बाईनंसुद्धा दाराला नवा रंग दिला होता. मुकादम निरोप घ्यायला फ्रेमवाल्याकडे गेला. फ्रेमवाला काचा आणायला बाहेर पडला होता. दुकान उघडंच होतं.

तो फोटोसमोर उभा राहिला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, "येतो, वहिनी."

"कोण आहे?" पडद्याआडून आवाज आला.

पडदा हलला. चाकाची खुर्ची चौकटीला दोन्ही बाजूंनी घासत बाहेर आली. फोटोतलीच बाई होती. केस पांढरे झाले होते. मुकादमाच्या शेजारून ती खुर्ची दारापर्यंत घेऊन गेली. पायरीच्या कडेला पुढची चाकं थांबली. बाहेरून एक आई बाळाची गाडी एका हातानं ढकलत, फोनवर बोलत निघून गेली. बाई ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"तुम्हीच का ते मुकादम?"

त्यानं मान हलवली.

"मग आता तरी ऐका," ती म्हणाली. "पायरी काढा म्हणून रोज निरोप धाडते मी. हे म्हणतात, तुम्हीच ऐकत नाही."